बेळगाव सीमाभागातून भूविज्ञानाच्या प्राध्यापकीकडे: पात्रता, मुलाखत आणि पहिला फील्ड कॅम्प

माझ्या पहिल्या मुलाखतीत टेबलावर एक दगड ठेवलेला होता. पांढुरका, हाताच्या पंज्याएवढा, एका बाजूला वाळूवर वाऱ्यापाण्यानं उठतात तशा लहरी. मी धडाधड सांगितलं: क्वार्ट्झाइट, जवळजवळ सगळी सिलिका, कठीणपणा सात. समोरच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी दगड उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "ह्याची वरची बाजू कुठली?" उत्तर पुस्तकात होतं आणि मी ते वाचलंही होतं. समुद्रकाठच्या पुढं-मागं हलणाऱ्या पाण्यानं उठलेल्या लहरींची टोकदार शिरं वरच्या बाजूला असतात आणि खळगे गोलसर असतात. पण तोवर असा दगड मी कधी हातात धरून फिरवला नव्हता. ती जागा मला मिळाली नाही. पुढच्या रविवारी मी गोकाकला गेले.

खानापूर, निपाणी, बेळगावची मुलंमुली मला विचारतात की भूविज्ञान शिकवण्याची नोकरी कशी मिळते. पात्रता, परीक्षा, कागदपत्रं हे सगळं लागतंच आणि त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण आपल्या जिल्ह्यात राहून ह्या विषयाचा शिक्षक व्हायचं असेल, तर खरी तयारी आपल्याच जमिनीवर, स्वतः भरलेल्या फील्डबुकात होते. म्हणून तो भाग मी जास्त सविस्तर लिहिणार आहे.

आधी पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर पदासाठी त्या विषयात किंवा संबंधित विषयात एम.एस्सी. लागते. गुण किमान 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर) आणि दिव्यांग उमेदवारांना 5 टक्के सूट आहे. त्याशिवाय नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). जुलै 2023मध्ये आयोगानं नियमात दुरुस्ती करून थेट भरतीसाठी नेट-सेट ही किमान अट ठेवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. जानेवारी 2025मध्ये नव्या नियमांचा मसुदाही आला. तेव्हा अर्ज कराल त्या जाहिरातीतले निकष दर वेळी शब्दन् शब्द वाचा. मागच्या वर्षी कुणाला काय लागलं होतं, यावर विसंबू नका.

एम.एस्सी.साठी आपल्याला सगळ्यात जवळ धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. गोवा आणि पुणेही हाताशी आहेत. कुठंही प्रवेश घेतलात तरी चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा: दोन वर्षांत फील्डचे दिवस किती आणि नकाशा स्वतः काढायला लावतात की बसमधून दाखवतात?

नेटच्या बाबतीत पुष्कळ जण घोटाळा करतात. यूजीसी-नेटच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटच्या) यादीत भूगोल सापडतो, भूविज्ञान नाही. आपली परीक्षा सीएसआयआर-नेटची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. त्यात पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र विषय आहे. तीन तास, 200 गुण. भाग अ आणि ब मिळून 100 गुणांचे. उरलेले 100 गुण भाग कचे, त्यात चार-चार गुणांचे 25 प्रश्न सोडवायचे आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. भाग कमध्ये निवडीला वाव भरपूर असतो. म्हणून हवामानशास्त्र, समुद्रविज्ञान असं सगळंच थोडं थोडं करण्यापेक्षा संरचनात्मक भूविज्ञान, खनिजविज्ञान, शैलविज्ञान आणि स्तरविज्ञान पक्कं करा. तिथले गुण हमखास पदरात पडतात.

आता सेट. सीमाभागातल्या मुलांचा सगळ्यात मोठा तोटा इथंच होतो, त्यामुळं हा परिच्छेद नीट वाचा. महाराष्ट्राची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. कर्नाटकची के-सेट आधी म्हैसूर विद्यापीठ घेत असे, आता कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं. जून 2002 नंतरच्या सेटचं प्रमाणपत्र त्या-त्या राज्यापुरतंच चालतं. कोल्हापूर केंद्रावर महाराष्ट्राची सेट दिलीत आणि पास झालात, तरी धारवाड, बेळगावच्या जागेसाठी तिचा उपयोग नाही. के-सेट घेऊन कोल्हापूरला गेलात तरी तेच. आपली घरं एका राज्यात, पाहुणे दुसऱ्या राज्यात, आणि परीक्षेचं केंद्र जवळ पडतं म्हणून अर्ज भरला जातो. आधी ठरवा, नोकरी कुठं करायची आहे. दोन्हीकडं वाट मोकळी ठेवायची असेल तर नेटच द्या, ती देशभर चालते. तयारी एकच असल्यानं नेटबरोबर दोन्ही सेटही देता येतात. माझा सल्ला तोच आहे.

पीएच.डी. ऐच्छिक झाली म्हणून सोडून देऊ नका. 2018च्या नियमांतल्या तक्त्याप्रमाणे विद्यापीठातल्या जागेसाठी उमेदवारांची छाननी 100 गुणांवर होते आणि त्यातले 30 एकट्या पीएच.डी.चे असतात. जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला 7, नुसत्या नेटला 5, सेटला 3. शोधनिबंधांना जास्तीत जास्त 10 आणि अनुभवाला वर्षाला 2 याप्रमाणे जास्तीत जास्त 10. हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात, निवड मुलाखतीवर होते. पण बोलावणंच आलं नाही तर मुलाखत देणार कुठून?

पीएच.डी.चा विषय शक्यतो घराजवळचा घ्या. मलप्रभा-घटप्रभेचे पूर आणि त्यांनी आणून टाकलेला गाळ, ट्रॅपमधल्या (बेसाल्टच्या थरांतल्या) विहिरींचं पाणी, चोर्ला घाटाकडचे खचणारे उतार, जांभ्याखालची बॉक्साइट. ऑगस्ट 2019च्या पुरात आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी काय सोसलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशा जागेवर काम असेल, तर तिन्ही ऋतूंत जाता येतं आणि खर्चही झेपतो.

कन्नड शिका, मनापासून शिका

कर्नाटकात सरकारी पदवी महाविद्यालयांच्या भरतीत कन्नडचा पेपर असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या पोटात तिथं गोळा येतो. मी त्यातून गेले आहे. पण पेपरापेक्षाही मोठं कारण फील्डवर आहे. खानापूरच्या पश्चिमेला, बेळगावच्या आसपास मराठीवर निभतं. रामदुर्ग, सौंदत्तीकडं गेलात की बांधावरचा माणूस कन्नडच बोलतो. हातोडा घेऊन शेताच्या कडेला वाकलात की तो येऊन विचारणार, "एन हुडकाकत्तीरी?" काय शोधताय? आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "बंगार ऐतेनु?" सोनं आहे का? त्याच्याशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलता आली, तर तो स्वतःच्या विहिरीत किती हातांवर कसला दगड लागला ते सांगतो. असली माहिती कुठल्याही नकाशावर नसते.

एक वही करा. पानाच्या तीन रकान्यांत इंग्रजी संज्ञा, मराठी शब्द, कन्नड शब्द. लॅटेराइटला आपण जांभा म्हणतो, कन्नडमध्ये जंबिट्टिगे. वालुकाश्माला मरळुगल्लु, चुनखडीला सुण्णद कल्लु. तांबड्या जमिनीला मसारी तर दोन्हीकडं म्हणतात. वर्गात धारवाडकडची मुलं असतील, बेळगावची असतील, पुस्तक इंग्रजी असेल. ज्या शिक्षकाला तिन्ही शब्द येतात त्याच्याकडं मुलं शंका घेऊन येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून वेळेत काढून ठेवा. 2ए, 3बी हे कर्नाटकातले प्रवर्ग महाराष्ट्रात तसेच लागू होत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 371 जेचं आरक्षण कल्याण कर्नाटकाचं आहे, बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी भाषकांसाठी वेगळी तरतूद असते. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

कायमची जागा निघेपर्यंत गेस्ट लेक्चरर म्हणून काम करावं लागतं. मानधन तुटपुंजं आणि उशिरा, हे खरं आहे. तरी नेमणुकीचं आणि अनुभवाचं पत्र दर वर्षी हातात घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका. माझं एक वर्ष असंच कागदाशिवाय गेलं आणि ते कुठंच मोजलं गेलं नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनाही भूविज्ञान शिकवावं लागतं, तेव्हा बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत चौकशी करत राहा. कायम झाल्यावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 57,700पासून सुरू होतं.

आपली जमीन वाचायला शिका

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपल्यासारखा जिल्हा मिळणं हे भाग्य आहे. पश्चिमेला आणि उत्तरेला दख्खनच्या ट्रॅपचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सपाट माथ्यांवर जांभा. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडं कलादगी खोऱ्यातले वालुकाश्म, क्वार्ट्झाइट, चुनखडी, ट्रॅपपेक्षा कितीतरी जुने. आणि त्यांच्याही खाली अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे नाइस आणि धारवाडी शिस्ट हे रूपांतरित खडक. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हा मुलूख पायी आणि घोड्यावरून पालथा घातला आणि दक्षिण मराठा मुलखावरचा त्यांचा अहवाल 1876 मध्ये प्रसिद्ध झाला. कलादगी हे नाव त्यांनीच रूढ केलं. गोकाकजवळ चिकदौलीच्या परिसरात सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्माचंही त्यांनी वर्णन केलं. गोकाकला गेंडा होता हे वर्गात सांगा, शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

सुरुवात घराजवळून करा. येळ्ळूरचा राजहंसगड चढा आणि चढताना दर थांब्यावर दगड पाहा. कुठं घट्ट काळा बेसाल्ट, कुठं बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, कुठं कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटणारा कुजका मुरूम. खानापूरकडं जांभ्याचे चिरे काढतात तिथं कामगारांशी बोला. ताजा जांभा लोखंडी हत्यारानं कापता येतो आणि हवेवर राहून घट्ट होतो, हे ते तुम्हाला पुस्तकापेक्षा चांगलं समजावतील. खानापूरची मडकी आणि कौलं कुठल्या मातीची, तेही विचारा.

मग गोकाकचा धबधबा. घटप्रभा इथं सुमारे 52 मीटर खाली कोसळते. पाणी बघायला पावसाळ्यात गर्दी होते, पण दगड बघायला डिसेंबर ते मार्च बरा. पाणी कमी झालं की वालुकाश्माचे थर उघडे पडतात. त्यांत लहरींच्या खुणा आणि तिरपे थर शोधा. मी माझ्या मुलाखतीचं उत्तर इथंच शोधलं. एका मोकळ्या पडलेल्या फरशीवर बोट फिरवलं. शिर बोटाला टोचतं, खळग्यात बोट अलगद बसतं. फरशी उलटी असती तर नेमकं उलट जाणवलं असतं. हे एकदा बोटाला कळलं की विसरत नाही.

यादवाडकडं चुनखडी मिळते. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट मात्र चुरा केल्यावरच. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला मलप्रभा क्वार्ट्झाइटची रांग कापून कशी आरपार गेली आहे ते धरणाजवळून दिसतं.

आणि रामदुर्ग. त्या परिसरात कलादगी खोऱ्यातल्याच बागलकोट गटाचे कललेले क्वार्ट्झाइट आणि त्यांच्यावर जवळजवळ आडवे पडलेले बदामी गटाचे वालुकाश्म अशी कोनीय विसंगती दिसते. खालचे थर आधी साचले, घट्ट झाले, वाकले, वर आले, झिजून सपाट झाले आणि मग त्यावर नवी वाळू पसरली. इतकं सगळं एका रेषेत आहे. त्या रेषेवर एक तळहात खालच्या थराला समांतर धरा, दुसरा वरच्या थराला. दोन हातांमधला कोन म्हणजेच हरवलेला काळ. ही जागा स्वतः मोजून, स्वतः रेखाटून ठेवा.

नकाशांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 प्रमाणातले नकाशे घ्या. जुन्या क्रमांकाप्रमाणे गोकाक धबधबा 47 एल/16 वर, सौंदत्ती 48 एम/1 वर, रामदुर्ग 48 एम/5 वर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर भूवैज्ञानिक नकाशे मोफत मिळतात. फील्डबुक पेन्सिलीनंच भरा, घामानं आणि पावसानं शाई पसरते. दर थांब्याला तारीख, अक्षांश-रेखांश, दगड, थराचा कल, आणि एक रेखाचित्र. रेखाचित्रावर उत्तर दिशा आणि प्रमाण नसेल तर सहा महिन्यांनी ते तुम्हालाच लागणार नाही. नमुन्यावर चिकटपट्टी लावून जो क्रमांक लिहाल, तोच वहीत. बेसाल्टवर होकायंत्र थेट टेकवू नका, त्यातल्या चुंबकी खनिजांनी सुई भरकटते. दगड आणि होकायंत्र यांच्यामध्ये फील्डबुक धरा किंवा थोडं लांब उभं राहून वाचन घ्या.

विद्यार्थ्यांना घेऊन जाताना

पहिला कॅम्प चार दिवसांचाच करा: एक दिवस ट्रॅप आणि जांभा, एक गोकाक, एक सौंदत्ती, एक रामदुर्ग. महिनाभर आधी त्याच मार्गावर स्वतः जाऊन या. बस कुठं वळते, सावली कुठं आहे, पाणी कुठं मिळतं आणि स्वच्छतागृह कुठं आहे हे वहीत लिहा. शेवटची गोष्ट मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. सोय नाही म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हात चक्कर येऊन बसतात. दर दोन-अडीच तासांनी पेट्रोल पंप, शाळा किंवा ओळखीचं घर येईल असा मार्ग आखला की हा त्रास राहत नाही.

काही घरी जाऊन बोलावं लागतं. "मॅडम, पोरीला चार दिवस डोंगरात कशाला न्यायचं?" असं एका आईनं मला दारातच विचारलं. मी आत बसले, मुक्कामाचं ठिकाण, सोबतच्या शिक्षिकेचं नाव, रोजचा फोन करण्याची वेळ हे सगळं कागदावर लिहून दिलं. त्या माउली म्हणाल्या, "तुमी हाइसा न्हवं सोबत? मग जाऊ दे." कागद लिहून देणं हा उपचार समजू नका. त्या घरानं त्यावर विश्वास ठेवलेला असतो.

परवानग्या लेखी घ्या. खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची. खाणीत जायचं तर मालकाची आणि आत हेल्मेट. देवस्थानांच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या जागेत हातोडा पिशवीतून काढायचाच नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमांना त्या बाजूला कॅम्प ठेवू नका, राहायला जागा मिळत नाही आणि रस्ते भरलेले असतात.

हातोडा मारताना गॉगल सक्तीचा, आणि आजूबाजूच्यांनी दोन हात लांब. गोकाकच्या कड्यावर शेवाळ धरलेल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, सेल्फी तर नाहीच. तिथं शिक्षकानं कड्याच्या बाजूला उभं राहायचं, मुलांनी आतल्या बाजूला. उंच कड्यांवर आग्यामोहोळ असेल तर त्याखाली हातोडाही नको आणि आरडाओरडाही नको.

शिकवताना आधी सांगू नका, आधी बघायला लावा. पाच-पाच जणांचे गट करा आणि पहिली दहा मिनिटं फक्त रेखाटायला द्या. थराचा कल समजावताना मी बाटलीतलं पाणी कललेल्या थरावर ओतते. पाणी ज्या रेषेनं खाली धावतं ती डिपची, म्हणजे थराच्या उताराची दिशा. त्या ओल्या रेषेला काटकोनात पट्टी ठेवली की स्ट्राइक, म्हणजे थरावरची आडवी रेषा. ज्यांना तीन तासिकांत क्लिनोमीटर (थराचा कल मोजायचं उपकरण) कळला नव्हता त्यांना अर्ध्या मिनिटात कळतो. रामदुर्गला विसंगतीच्या रेषेवर मात्र मी गप्प राहते आणि एवढंच सांगते: वरच्या थराच्या तळाशी खालच्या दगडाचे गोटे सापडतात का, शोधा. ज्याला सापडेल तो बाकीच्यांना समजावेल. संध्याकाळी मुक्कामावर सगळ्यांची फील्डबुकं तपासून, सही करूनच झोपायचं. उद्यावर टाकलं की दोन दिवसांचं एकदम लिहिलं जातं आणि ते बनावट असतं.

मुलाखत आणि रुजू झाल्यावर

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलबरोबर फील्डबुक न्या, मळलेलं असलं तरी तेच न्या. प्रात्यक्षिक तासिकेला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात विषय एकच घ्या. सोबत कललेली पाटी आणि पाण्याची छोटी बाटली असली की डिप-स्ट्राइक शिकवायला पुरे. पन्नास स्लाइडची गरज नाही. येत नसेल त्या प्रश्नाला "मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही" असं सरळ सांगा. दुसऱ्या मुलाखतीत मी तसं एकदा सांगितलं, आणि लगेच जे पाहिलं होतं त्याचं रेखाचित्र फळ्यावर काढलं. ते चित्र रामदुर्गचं होतं. पुढचे सगळे प्रश्न त्या चित्रावरच झाले आणि ती जागा मला मिळाली.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात विभागातलं नमुन्यांचं कपाट उघडा. बहुतेक ठिकाणी निम्म्या दगडांची चिठ्ठी गळालेली असते. कुठून आणला हे कळत नसलेला दगड ओळखण्याच्या सरावाला चालतो, बाकी उपयोग नाही. दोन विद्यार्थी बरोबर घेऊन ज्यांचा पत्ता लागतो त्यांना नवे क्रमांक द्या, नोंदवहीत तालुका, गाव, नकाशाचा क्रमांक लिहा. क्लिनोमीटरच्या सुया फिरतात का पाहा, हातोड्यांचे दांडे हलतात का तपासा, आम्लाच्या बाटलीवर नाव चिकटवा. आणि गोकाकची लहरींची एक फरशी कड्याच्या पायथ्याच्या मोकळ्या ढिगातून आणून टेबलावर ठेवा, वरची बाजू कुठली ते न लिहिता.